ऊसतोड मजुराचे मत : अधिकार, सामर्थ्य आणि स्थळ

मतदान हे नागरिकाचे कर्तव्य आहे, हे विधान इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते कर्तव्य कोणत्या जातीचे आहे, आणि ते पार पाडण्याची शक्ती ज्याच्यापाशी राहू दिलेली नाही त्याच्यावर ते कितपत बंधनकारक ठरते, हा त्यामागचा खरा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. बीड जिल्ह्यात हा प्रश्न टाळता येत नाही. दसरा-दिवाळी आटोपली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज या तालुक्यांतील गावेच्या गावे घराला कुलूप लावून ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे, अर्थात गाळप हंगाम संपला म्हणजे, गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मानला जातो; त्या कोयत्याला मुकादमाकडून हंगामाआधी जी आगाऊ रक्कम मिळते तिला 'उचल' म्हणतात, आणि पुढचे पाच-सहा महिने टनामागे ठरलेल्या दराने ती फेडली जाते. अशी काही लाख माणसे मतदार आहेत, त्यांची नावे गावच्या यादीत आहेत, आणि मतदानाचा दिवस ज्या वर्षी हंगामात येतो त्या वर्षी ती फडात असतात.

निवडणुकांचे वेळापत्रक पाहिले तर या कर्तव्याची सोय-गैरसोय किती योगायोगावर अवलंबून आहे हे ध्यानात येते. विधानसभेच्या २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही निवडणुकांचे मतदान ऑक्टोबरात झाले. २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला मतदान झाले तेव्हा दिवाळी अजून यायची होती. २०२४ मध्ये दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभीच येऊन गेली, गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करण्याचे ठरले, आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला ठेवण्यात आले. त्याच वर्षी लोकसभेसाठी बीडमध्ये १३ मे रोजी मतदान झाले तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतलेल्या होत्या. स्थानिक संस्थांची स्थिती याहून बिकट आहे, कारण २०१७ मध्ये जिल्हा परिषद व पंचायत समित्यांचे मतदान फेब्रुवारीत आणि २०२१ मध्ये हजारो ग्रामपंचायतींचे मतदान जानेवारीत, म्हणजे ऐन तोडणीच्या दिवसांत झाले. ज्या ग्रामपंचायतीच्या कारभाराशी मजुराचा सर्वांत निकटचा संबंध, तिच्याच निवडणुकीत त्याची अनुपस्थिती सर्वांत संभाव्य, ही विसंगती केवळ व्यवस्थेची अडचण म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

या माणसाचे मत कोठले, हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमात 'सामान्यतः निवासी' या संज्ञेने दिलेले आहे. कलम १९ प्रमाणे मतदारसंघात सामान्यतः राहणाऱ्या प्रौढ नागरिकाचे नाव तेथील यादीत येते. कलम २० सांगते की केवळ घर मालकीचे वा ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी तेथला निवासी ठरत नाही, परंतु आपल्या निवासस्थानापासून तात्पुरता दूर गेलेला मनुष्य, दूर गेला एवढ्याच कारणाने, तेथला निवासी असण्याचे थांबत नाही. या दोन वाक्यांत निवासाविषयीची एक प्रौढ समजूत आहे: मनुष्य जेथे निजतो तेच त्याचे ठिकाण असे कायदा मानत नाही, आणि जेथे त्याच्या भिंती उभ्या आहेत तेच ठिकाण असेही मानत नाही; जेथे परतण्याचा त्याचा क्रम आणि हेतू टिकून आहे ते ठिकाण त्याचे. या कसोटीवर ऊसतोड मजुराचे स्थान निःसंशय त्याच्या गावी ठरते, कारण कोपी दर काही आठवड्यांनी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलते, तर शिधापत्रिका, रोजगार हमीचे जॉबकार्ड, कोरडवाहू जमिनीचा तुकडा, म्हाताऱ्या आईबापांचे आणि शाळेत ठेवलेल्या लेकरांचे वास्तव्य, ही सगळी गावी असतात. गृहत्याग करून परिभ्रमण करणाऱ्या संन्याशाने आपले स्थान स्वेच्छेने सोडलेले असते. मजुराने काहीच सोडलेले नसते, त्याला फक्त दर वर्षी जावे लागते.

हाच अधिनियम संसद व विधिमंडळ सदस्यांना याहून स्पष्ट संरक्षण देतो: कर्तव्यासाठी मतदारसंघाबाहेर राहावे लागले म्हणून सदस्याचा तेथील निवास संपत नाही, असे त्यांच्यासाठी स्वतंत्रपणे लिहून ठेवलेले आहे. लोकसभेच्या उमेदवाराला तर मतदारसंघातील निवासाची अटच नाही. देशातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघाचा मतदार असणे त्याला पुरते, आणि म्हणूनच सांगली भागातले क्रांतिसिंह नाना पाटील १९६७ मध्ये बीडमधून निवडून येऊ शकले. त्यांची निवड हा बीडच्या मतदारांचा अभिमानास्पद निर्णय होता, त्यात गैर काही नाही. परंतु निवडून येणाऱ्याच्या बाबतीत स्थळाविषयी इतका उदार असलेला कायदा निवडून देणाऱ्याच्या बाबतीत मतदान केंद्राच्या दारापाशी एकाएकी कठोर का होतो, हे विचारणे रास्त आहे.

नोंदणीच्या टप्प्यावर ही कठोरता प्रथम जाणवते. मतदार याद्यांचे वार्षिक संक्षिप्त पुनरीक्षण, म्हणजे प्रारूप यादी प्रसिद्ध करून तिच्यावर दावे व हरकती मागवण्याचा कार्यक्रम, साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन जानेवारीत अंतिम यादीने संपतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांना सर्वत्र बीएलओ म्हणतात, घरोघरी पडताळणीला येतात तेव्हा बीडच्या बालाघाट डोंगरपट्ट्यातील अनेक घरांना कुलूप असते, आणि कुलूप पाहून 'स्थलांतरित' असा शेरा पडण्याची भीती असते. वास्तविक, सुनावणीची वाजवी संधी दिल्यावाचून स्थलांतराच्या कारणाने नाव वगळता येत नाही, असे कलम २२ सांगते. पण सुनावणीची नोटीस बंद दाराला लावली गेली आणि ज्याच्यासाठी ती आहे तो दोनशे-तीनशे किलोमीटरवर कोयता चालवत असला, तर संधी दिली गेली असे कागदावर म्हणता आले तरी न्यायाने म्हणता येत नाही. म्हणून गाव सोडण्याआधीच यादीतले नाव पाहून घेणे हे या मतदारासाठी इतरांपेक्षा अधिक अगत्याचे आहे. नव्याने नाव नोंदवायचे तर नमुना ६ भरावा लागतो; पत्ता बदलणे, तपशील दुरुस्त करणे किंवा हरवलेले ओळखपत्र पुन्हा मिळवणे यांसाठी नमुना ८ असतो; नाव वगळण्याची मागणी वा हरकत नमुना ७ मध्ये येते. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा धरल्या जातात, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलामुलीला एका जानेवारीसाठी थांबावे लागत नाही, आणि सतरा वर्षे झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. टोळ्या परतल्यानंतरचे एप्रिल ते सप्टेंबर हे महिने त्यासाठी मोकळे असतात. लग्न होऊन सासरी आलेल्या, आणि त्याच वर्षी नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेलेल्या मुलीचे नाव बहुधा माहेरच्या यादीत राहते वा कोठेच नसते. अर्धा कोयता जिच्या हातावर चालतो तिच्या नावाची ही हेळसांड सर्वांत जास्त खटकणारी आहे. नामनिर्देशनाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत भर घालता येत नाही, आणि यादीत नाव नसेल तर खिशातले मतदार ओळखपत्र उपयोगी पडत नाही. उलट नाव असेल तर ओळखपत्राऐवजी आधार किंवा जॉबकार्डासारखे मान्य कागदपत्र दाखवून मत देता येते.

नाव यादीत आहे असे धरून चालल्यावर मूळ तात्त्विक प्रश्न पुढे येतो. एका मताने निकाल क्वचितच बदलतो. २०२४ मध्ये बीड लोकसभेचा निकाल ६,५५३ मतांच्या फरकाने लागला, आणि लाखो मतदारांच्या मतदारसंघात हा फरक फारच लहान होता, तरी तोही एका मताहून हजारोपट मोठा होता. तेव्हा मत देण्याचे समर्थन त्याच्या फळावरून करायचे ठरवले तर दोन दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च सोसून येणाऱ्या मजुराला त्याने यावे असे कोणत्या तोंडाने सांगता येईल? या कोंडीतून वाट काढण्यासाठी पूर्वमीमांसेतील, म्हणजे वैदिक कर्माच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र असलेल्या दर्शनातील, कर्माचे वर्गीकरण उपयोगी पडते. मीमांसक कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद करतात: रोजची संध्या हे नित्य, ग्रहण लागले असता करायचे स्नान हे नैमित्तिक, आणि विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेला यज्ञ हे काम्य. काम्य कर्म फळासाठी असल्याने फळ नको असणाऱ्यावर ते बंधनकारक नसते. नैमित्तिक कर्म मात्र निमित्त उपस्थित झाले की करावेच लागते, त्यातून करणाऱ्याला काय मिळेल हा प्रश्न तेथे गौण असतो. मतदान या दुसऱ्या जातीचे आहे असे मानणेच सयुक्तिक दिसते. निवडणूक जाहीर होणे हे निमित्त, आणि समाजाचे शासन सर्वांच्या संमतीने चालावे या व्यवस्थेत आपला वाटा उचलणे हे कर्म. आपला उमेदवार जिंकावा ही इच्छा त्यात मिसळलेली असते, पण कर्तव्य त्या इच्छेवर उभे नसते. मत विकणे निंद्य का, याचेही उत्तर येथेच मिळते, कारण पैसे घेऊन दिलेले मत म्हणजे नैमित्तिक कर्माला काम्य करून टाकणे होय.

परंतु मीमांसा येथे थांबत नाही, आणि तिच्याकडून शिकण्यासारखे पुढेच आहे. कोणतेही कर्म कोणावर येते हे ठरवताना ती कर्त्याचा 'अधिकार' तपासते. अधिकारासाठी कर्मामागचे प्रयोजन हवेसे असणे, ते करण्याचे सामर्थ्य असणे, त्याचे ज्ञान असणे आणि शास्त्राने वगळलेले नसणे, अशा अटी सांगितल्या जातात. यांतली शेवटची अट या परंपरेचा कलंक आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात शूद्राला यज्ञाधिकार नाकारलेला आहे, आणि हा अधिकार सर्वांना आहे असे मानणाऱ्या बादरी या आचार्याचे मत तेथेच नोंदवून खोडून काढलेले आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिलेल्या बीडच्या जनतेने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले तेव्हा जात, मालमत्ता, साक्षरता वा लिंग यांपैकी कोणत्याही कारणाने वगळण्याची ही रीत संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने मोडून काढलेली होती. साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये मताधिकाराविषयी साक्ष देणाऱ्या आणि पुढे प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा या घडामोडीतील वाटा सर्वज्ञात आहे. बादरीचे हरलेले मत अशा रीतीने नव्या प्रजासत्ताकाचा सिद्धान्त झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

वगळण्याची अट गेली तरी सामर्थ्याची अट राहते, आणि तिच्याविषयी जैमिनीच्या त्याच अध्यायात एक सूक्ष्म निर्णय आहे. यज्ञाला द्रव्य लागते, मग निर्धनाला अधिकार नाही का, असा पूर्वपक्ष उभा करून उत्तर दिले आहे की निर्धनता ही काही मनुष्याची कायमची अवस्था नव्हे, द्रव्य मिळवता येते, म्हणून निर्धनाचा अधिकार नष्ट होत नाही. आधुनिक राज्यात या निर्णयाला एक जोड द्यावी लागते: जी असमर्थता दूर करता येण्यासारखी आहे ती दूर करण्याची जबाबदारी, कर्तव्य लादणाऱ्या राज्यावरही येते. ऊसतोड मजुराच्या बाबतीत राज्याने काय केले आहे हे पाहिले तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमातील कलम १३५ख समोर येते, ज्याने रोजंदारीवरील कामगारांसह सर्व नोकरदारांना मतदानाच्या दिवशी पगारी सुटी दिली आहे. टनावर मजुरी घेणाऱ्याला, आणि ज्याचा मालक शेतकरी की मुकादम की कारखाना हेच कोणी निश्चित सांगत नाही त्याला, ही सुटी कोणाकडे मागावी हे कळत नाही. शिवाय एक दिवस पुरतही नाही, कारण फडावरून गावी जाऊन परत यायला दोन-तीन दिवस मोडतात आणि तेवढ्यात फड दुसऱ्या टोळीला दिला जाण्याची धास्ती असते.

सामर्थ्याची ही पोकळी उमेदवार भरून काढतात. गाड्या पाठवून टोळ्या गावी आणल्या जातात, जेवणखाण आणि बुडालेली मजुरी दिली जाते, आणि मत पडले की त्याच गाड्या परत जातात. मतदारांची मोफत ने-आण करण्यासाठी उमेदवाराने वा त्याच्या प्रतिनिधीने वाहन ठरवणे हे १९५१ च्याच अधिनियमातील कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण आहे. म्हणजे कायद्याने मजुराला हक्क दिला, तो बजावण्याचे साधन दिले नाही, आणि जो साधन देतो त्याला दोषी ठरवले. कायद्याचा हा निषेध योग्यच आहे, कारण गाडीत बसणारा मतदार उपकाराच्या ओझ्याखाली येतो. दोष आहे तो निषेध करून थांबण्यात.

त्या ओझ्याचे धार्मिक रूप म्हणजे शपथ. बेलभंडार उचलायला लावून, देवापुढे हात ठेवायला सांगून मत पक्के करून घेण्याची चाल ग्रामीण महाराष्ट्राला परिचित आहे, आणि मत गुप्त असले तरी देवाला ते दिसते या श्रद्धेवर ती चालते. दैवी कोपाची भीती घालून मतदारावर दडपण आणणे हेही कलम १२३ ने भ्रष्ट आचरण ठरवले आहे. पण कायद्याने शपथ देणाऱ्याला दोषी ठरवले म्हणून शपथ घेतलेल्याच्या मनातील काटा निघत नाही. त्याला जो प्रश्न छळतो तो श्रद्धेच्या भाषेतला आहे आणि त्याचे उत्तर त्याच भाषेत द्यायला हवे. महाभारताच्या कर्णपर्वात, गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याचा वध करीन अशी प्रतिज्ञा केलेला अर्जुन, युधिष्ठिर तसे बोलला म्हणून शस्त्र उचलतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याला थांबवतो आणि सत्य बोलण्याच्या व्रतापायी दरोडेखोरांना निरपराधांची वाट दाखवून नरकात गेलेल्या कौशिकाची कथा सांगतो. शब्दाचे पालन हे धर्माचे एक अंग आहे, आणि जेथे ते धर्माच्याच मुळावर येते तेथे त्याचे बंधन सैल होते, हा त्या प्रसंगाचा आशय. याज्ञवल्क्यस्मृतीने बळजबरीने वा कपटाने घडवून आणलेले व्यवहार रद्द करण्याजोगे मानले आहेत, आणि तिच्यावरील मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला होता त्यांच्या राज्यात आजचा मराठवाडा येत होता. उचलीच्या कर्जाने बांधलेल्या माणसाकडून, परतीची गाडी हातात असलेल्याने घेतलेली शपथ या निकषावर टिकत नाही. देव साक्षीला असलाच, तर कोणी कोणाला कोणत्या अडचणीत शपथ घ्यायला लावली याचाही तो साक्षी आहे, ही गोष्ट गडागडांवरच्या कीर्तनांतून, भगवानगडाच्या आणि नारायणगडाच्या परिसरात ज्यांच्या शब्दाला मान आहे त्यांच्या तोंडून, निवडणुकीच्या आधी स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. ती सांगण्याचे धैर्य हाच त्यांच्या अधिकाराचा खरा उपयोग होईल.

राहता राहिला स्थळाचा प्रश्न. मीमांसेत एखादे साधन न मिळाल्यास त्याच्या जागी 'प्रतिनिधी' म्हणजे बदली वस्तू घेता येते. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतीका ही वनस्पती चालते. यजमानाला स्वतःला मात्र प्रतिनिधी चालत नाही, कारण कर्म त्याचे असते. नित्य-नैमित्तिक कर्मांत तर गौण अंगे शक्तीप्रमाणे कमी-अधिक झाली तरी मुख्य कर्म सोडायचे नसते. हा विवेक मतदानाला लावला तर मतदार हा यजमान, म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्याने मत देण्याची मुभा अपवादात्मकच असावी, आणि आपल्याकडे ती सैन्यदलांतील मतदारांपुरतीच आहे. मतदान केंद्राचे स्थळ हे मात्र अंग आहे, आणि अंगासाठी मुख्य कर्म बुडू देणे हा उलटा न्याय होतो. काश्मीर खोऱ्यातून विस्थापित झालेल्या मतदारांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्ली येथे विशेष केंद्रे ठेवून राज्याने हे तत्त्व एकदा मान्य केलेले आहे. अंबाजोगाईत ज्यांची समाधी दाखवली जाते त्या मुकुंदराजांनी, परंपरेनुसार शके १११० मध्ये, विवेकसिंधूत वेदान्त मराठीत आणला तेव्हा संस्कृत न जाणणाऱ्यांनी आधी संस्कृत शिकावे अशी अट घातली नाही; ज्ञान जेथे माणूस होता तेथे नेले.

निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा आराखडा जाहीर केला, ज्यात एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेण्याची सोय योजली होती, आणि जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे तो मांडला. पक्षांनी घेतलेल्या आक्षेपांमुळे तो पुढे गेला नाही. त्या आक्षेपांतील काही रास्त होते, आणि ऊसतोडीच्या संदर्भात तर त्यांचे वजन वाढते. एखाद्या गावचे वीस-पंचवीस मजूर दूरच्या केंद्रावर मत देतील आणि त्यांची मोजणी वेगळी होईल, तर त्या वीसांनी कोणाला मत दिले हे मुकादमाला सहज ताडता येईल. म्हणून अनेक केंद्रांची मते एकत्र मिसळून मोजणाऱ्या टोटलायझर या साधनाची, ज्याची शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५व्या अहवालात केलेली आहे, येथे नितांत गरज आहे. केंद्र कारखान्याच्या आवारात असता कामा नये, जवळच्या तालुक्याच्या गावी सरकारी शाळेत असावे, आणि तेथवर नेण्याची गाडी प्रशासनाची असावी. बुडालेल्या दिवसाची मजुरी कशी ठरवायची ही अडचणही खरी नाही, कारण टोळीने कोणत्या दिवशी किती टन ऊस तोडला याची नोंद कारखान्याच्या वजनकाट्यावर रोज होतच असते, आणि त्या सरासरीने कोयत्याला एका दिवसाचे पैसे उचलीत न वळवता थेट हातात देणे कारखान्याला अशक्य नाही.